अडतीसची आणि एक्कावन्नची शेवरलेट

आमच्या कोल्हापुरात माणूस बॅग घेऊन निघाला की लोक विचारतात, "कुठला देव?" मी नांदेड-लातूरला निघालोय म्हटल्यावर शेजारचे पाटील म्हणाले, "नांदेडला गुरुद्वारा आहे, ते समजलं. लातूरला कशाला? नातू बारावीला आहे काय?"

नातू अजून तिसरीत आहे. मी चाललो होतो दोन मोटारी बघायला. दोन्ही शेवरलेट, दोन्ही अमेरिकेत जन्मलेल्या, एक अडतीस सालची आणि दुसरी एक्कावन्नची. चाळीस वर्षं मी गॅरेज चालवलं. आता हात थरथरतात म्हणून पोरानं मला खुर्चीत बसवलंय. पुण्याच्या एका साहेबांना जुन्या गाड्यांचा नाद आहे, त्यांचा फोन आला. "मिस्त्री, तिकडं दोन शेवरलेट आहेत म्हणतात. मला एकच पाहिजे, पण चालू पाहिजे. नुसती शोभेची नको. जाऊन बघा आणि दोघींत उजवी कुठली ते सांगा." खुर्चीतल्या माणसाला एवढं बास होतं. त्याच रात्रीची बस धरली.

परत येऊन चार महिने झाले. लिहायला इतका वेळ लागला, कारण या प्रवासात मी एक गोष्ट केली ती मला अजून पचलेली नाही. ती गाळून नुसतं गोदावरीचं पाणी आणि तिथलं जेवण लिहिलं असतं तर लेख कधीच झाला असता.

नांदेड

फेब्रुवारी संपत आला होता, तरी सकाळी नऊलाच ऊन बोचायला लागलं. अडतीसची ज्यांच्याकडं होती त्या मुनीर उस्तादांचं गॅरेज इतवारा भागात कुठं म्हणून विचारलं तर एक चहावाला गल्ली सोडून माझ्याबरोबर चालत आला. आमच्याकडं पत्ता हातवारे करून सांगतात, इथं पोचवून देतात. वाटेत त्यानं सांगितलं की रस्ता रुंद होणार आहे, ही अख्खी रांग जाणार, उस्तादांच्या शेडवरसुद्धा लाल खूण पडली आहे. खूण मला दुरूनच दिसली.

मुनीर उस्ताद अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. डोळे जवळजवळ गेलेले, समोर माणूस आहे एवढंच कळतं. मी हात पुढं केला तर तो त्यांनी दोन्ही हातांत धरला आणि नाकाजवळ नेला.

"आओ मिस्त्री. ग्रीसचा वास आहे. माणूस रिटायर होतो, हा वास होत नाही. सलीम, नाश्ता सांग."

सलीम त्यांचा मुलगा. पन्नाशीचा, गप्प. पुढच्या चौकात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. नाश्त्याला खिचडी, खट्टा आणि खिमा आला. सकाळी सकाळी खिचडी म्हटल्यावर मला वाटलं कुणी आजारी आहे की काय. आमच्याकडं खिचडी ताप आल्यावर करतात. पण मसुराच्या त्या खिचडीवर चिंच-तिळाचा आंबटढाण खट्टा ओतला आणि माझं तोंडच बंद झालं. उस्ताद हसले. "कोल्हापूरवाल्याला तिखट लागत नाही, आंबट लागतं."

मग ताडपत्री काढली. अहो, काय सांगू. काळ्याभोर रंगात ती उंच, सरळ बसली होती. रेडिएटरच्या दोन्ही अंगांना वेगळे दिवे, दारांखाली रुंद फूटबोर्ड, त्याच्या रबरावरच्या रेघासुद्धा शाबूत. दार लावलं तर आवाज असा की तिजोरी लावली. गिअरची काठी जमिनीतून वर आलेली, स्टार्टर पायानं दाबायचा. मागची सीट इतकी उंच की फेटा न काढता माणूस आत बसावा. ही गाडी ज्याच्यासाठी केली तो स्वतः चालवणारा नव्हताच. त्यानं मागं बसायचं, पुढं उस्तादांच्या वडलांसारख्यांनी बसायचं. मुदखेडकडच्या एका जहागीरदाराची ती गाडी, वडील त्याचे ड्रायव्हर. निजामी गेली, जहागीर गेली, आणि जाताना जहागीरदारानं गाडी ड्रायव्हरच्या हवाली केली. तेव्हापासून ती नांदेडात लग्नाची गाडी. चार पिढ्यांचे नवरदेव तिच्यात बसले, हिंदू, मुसलमान, शीख, बौद्ध, सगळे.

"आणि इंजिन?" मी विचारलं.

उस्तादांनी बॉनेटवर हात ठेवला. उत्तर सलीमनं दिलं. आल्यापासून त्याचं ते पहिलं वाक्य. "मी मारलं."

झालं असं, की वरात चालीनं चालते. मोटार दोन-दोन तास पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या पावलानं न्यायची, वारा लागत नाही, पाणी उकळतं. उस्ताद दर शंभर पावलांवर थांबवायचे, बँडवाल्यांना एक गाणं जागेवर वाजवायला लावायचे आणि इंजिन निवू द्यायचे. एका लग्नात उस्ताद आजारी, स्टिअरिंगवर सलीम. लोक नाचायच्या भरात, थांबू देईनात. वाफ आली म्हणून त्यानं तापल्या इंजिनात विहिरीचं गार पाणी ओतलं. ब्लॉक उभा चिरला. मी टॉर्च मारून बघितलं, चीर बोटभर लांब होती आणि कुठल्याही वेल्डिंगनं ती बसणारी नव्हती.

"भंगारवाला दोनदा येऊन गेला," उस्ताद म्हणाले. "महिन्यात शेड जाणार. मिस्त्री, गाडी तुमच्या साहेबाकडं जाऊ दे, मेरेकू उसका गम नहीं. मुलगी सासरी जातेच. पण चिरल्या इंजिनाची कोण नेणार? एकच मागणं आहे. या दारातून जाईल ती स्वतःच्या पायानं जाईल. आवाज करत जाईल. माझ्या वडलांनी तिला कधी दोरी लावू दिली नाही."

मी त्यांना लातूरच्या गाडीबद्दल सांगितलं. एक्कावन्नची म्हटल्याबरोबर ते पुढं सरकले.

"स्टिअरिंगवर गिअर आणि बटणाचा स्टार्टर?"

"फोटोवरून तसंच वाटतं."

"तर मग इंजिन एकच," ते म्हणाले. "सहा सिलिंडर. कंपनीनं तेरा वर्षांत कपडे बदलले, आतला जीव तोच ठेवला. थोडी कापाकापी करावी लागेल, बसेल मात्र. मिस्त्री, ती गाडी नीट बघा." मग म्हणाले, "खराब असली तर बरं, असं मनात आलं. तौबा. दुसऱ्याच्या गाडीचं वाईट चिंतलं मी."

दुपारी मी एकटाच नदीवर गेलो. वर विष्णुपुरीला धरण आहे, म्हणून इथलं पाणी संथ होतं, एकही लाट नाही. सलीम मागनं येऊन शेजारी बसला. अब्बा त्या लग्नापासून एकदाही रागावले नाहीत, म्हणाला. "चार शिव्या दिल्या असत्या तर सुटलो असतो हो."

लातूर

लोहा, अहमदपूर करत बस लातुरात शिरली आणि मला वाटलं निवडणूक आहे. जिकडं बघाल तिकडं फलक आणि फलकांवर माणसांचे चेहरे. नीट बघितलं तर सगळी पोरं-पोरी, चष्मेवाली, नावाखाली मार्क. कुणी हसत नव्हतं. रस्त्यावर सायकली, पाठीला दप्तरं, हातात डबे, आणि दर दुसऱ्या घरावर "खोल्या भाड्याने, फक्त विद्यार्थ्यांसाठी". आमच्या तालमीत पोरं सकाळी उठून जोर काढतात, इथली गणितं काढतात. तीन वाजता क्लास सुटला तर इतकी पोरं बाहेर आली, पण आवाज म्हणून नाही. त्या शांततेनं मी जरा घाबरलोच.

दुसऱ्या गाडीच्या मालकीण कस्तुरबाई, त्यांचं घर शोधायला दोन तास गेले, कारण घर दिसतच नव्हतं. रस्त्याच्या बाजूनं तीन मजली खोल्या, त्यांच्यामधून एक बोळ, इतका अरुंद की माझी बॅग दोन्हीकडं घासली. बोळ संपला आणि एकदम अंगण लागलं. तिन्ही बाजूंनी खोल्यांच्या भिंती, दोऱ्यांवर टॉवेल वाळत घातलेले, आणि मधोमध ती एक्कावन्नची.

मी मान्य करतो, बघताक्षणी मला हीच आवडली. अडतीसची अंगात कडक इस्त्रीचा कोट घालून बसल्यासारखी. ही बसकी, रुंद, ऐसपैस. दिवे मडगार्डच्या पोटात बसवलेले, फूटबोर्ड दाराआड लपवलेला, पुढं क्रोमची जाळी. पुढच्या सीटवर तीन माणसं आरामात मावतील. अडतीसची सांगते मालक मागं बसलाय, एक्कावन्नची सांगते मालक स्वतः चालवतोय आणि बायको शेजारी आहे. तेरा वर्षांत अमेरिकेत माणसं बदलली असणार, नुसता पत्रा नव्हे.

पण तळातून गंज चढला होता. आणि मागची सीट नव्हती.

"सीट तिकडं हाय," मागनं आवाज आला. पासष्टीच्या बाई, कपाळावर विभूतीच्या रेघा, हातात सुपलीभर शेंगदाणे. ओसरीवर गाडीची सीट दिवाणासारखी मांडली होती. तिच्यावर दोन पोरी पाय पोटाशी घेऊन वाचत बसल्या होत्या. "बसा. शिरूर अनंतपाळच्या शेंगा हाईत, माझ्या माहेरच्या. खात खात बगा गाडी."

कस्तुरबाईंचे मालक विश्वनाथअप्पा. त्यांचीही ही गाडी लग्नाचीच. लातुरात वरात म्हटली की अप्पाची शेवरलेट. आता अप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा महेश, त्यानं खोल्या बांधल्या.

"पण बाई, गाडी बाहेर कशी काढायची?" मी बोळाकडं बघून विचारलं.

"न्हाईच निघत. महेश म्हनला, अप्पाची गाडी आता कुठं जायची हाय? आठ खाटांच्या खोल्या पाडाव्या लागतील तिला काढायला."

म्हणजे निकाल लागलाच होता. साहेबांची गाडी अडतीसची, तीही इंजिन मिळालं तर. मी नुसता सवयीनं बॉनेट उघडलं आणि उडालोच. आत एक कोळिष्टक नाही. तेलाची पट्टी काढली, तेल सोनेरी. फिरवून बघावं म्हणून हँडल मागितलं तर ते बाईंनी स्वतः आणलं, दारामागच्या खुंटीवरनं.

"मी फिरवते की ओ. दर सोमवारी. महादेवाला जाऊन आले की धा फेरे. अप्पा म्हनायचे, इंजिन बसून ऱ्हायलं की जाम होतं. ते गेले तवापासून एक सोमवार चुकला न्हाई."

मी हँडल लावलं. सहाच्या सहा सिलिंडरनं दाब दिला. दहा-बारा वर्षं न चाललेलं इंजिन, एका बाईच्या हातावर जिवंत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच क्षणी मनानं ते उचलून नांदेडला नेऊन ठेवलंसुद्धा. इंजिन बोळातून जात होतं. मोटार जात नव्हती, पण इंजिन जात होतं.

मी मुनीर उस्तादांची सगळी हकिकत सांगितली. बाई शेंगा सोलत ऐकत होत्या. मग विचारलं, "ती गाडी लग्नाला जाते?"

"जायची. आता पुण्याला गेली तरी साहेबांच्या घरी लग्नं आहेत, जाईलच."

"मग सांगते तुमाला. ऐका, आन मग ठरवा."

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे लातूरही हाललं होतं. उजाडायच्या सुमाराला किल्लारीकडची खबर आली. अप्पांनी मागची सीट उपसून ओसरीवर टाकली, त्यावर चढवलेला येत्या लग्नांसाठी शिवलेला नवा गलेफ तसाच, आणि औशाच्या रस्त्यानं गेले. आधी जखमी आणले, सरकारी दवाखान्यात. दुपारनंतर आणण्यासारखे जखमी उरले नाहीत. मग पावसात, चिखलात, प्रेतं. गावातून सरणापर्यंत. तीन दिवस. एकदा तर एका घरातली पाच एका फेरीत.

"घरी आले तर वळखू येईनात. गाडी धुतली, चार दिवस धुवून ऱ्हायले नुसती. दिवाळीनंतर लग्नाचे दिवस आले. एक बी मानूस गाडी सांगायला आला न्हाई. तोंडावर कुनी बोललं न्हाई हो. नुसतं म्हनायचे, अप्पा, आमचं औंदा घोड्यावर ठरलंय. सगळ्या लातूरचं घोड्यावर ठरलं." त्यांनी शेंगांची सुपली बाजूला ठेवली. "पुन्यकाम केलं म्हनून हार घातला त्यास्नी. पन गाडीत कुनी बसलं न्हाई. त्याच दुकात गेले ते."

इतक्यात चार-पाच पोरं हॉलतिकीट घेऊन बोळाकडं निघाली. बारावीचा पेपर होता. जाता जाता एकेकानं शेवरलेटच्या बॉनेटला हात लावला आणि तो छातीला लावला. ओसरीवरच्या पोरीही उठून गेल्या, त्यांनीही लावला.

"हे काय?"

"खोल्या झाल्या त्या पहिल्या साली एक पोरगं गाडीत बसून अभ्यास करायचं, खोलीत गलका म्हनून. त्याला मेडिकल लागलं. तवापासून हे सुरू झालं. बाहेरगावची लेकरं, त्यांना काय ठाव? महेश म्हनतो, सांगू नको, खोल्या रिकाम्या व्हतील."

संध्याकाळी भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पुडीची, आमटी आणि शेंगदाण्याची चटणी झाली. आमचा तांबडा रस्सा नुसता ओरडतो, ही आमटी हळू आवाजात बोलत होती. जेवण झाल्यावर बाई म्हणाल्या, "न्या इंजिन. वरातीत जाऊ द्या त्याला पुन्हा. पन एक अट हाय. त्या उस्तादांना सांगून द्या, हे काय काय वाहून आलंय ते. लपवून दिलेलं अप्पाला चालनार न्हाई. त्यांनी नको म्हटलं तर परत आना, मी फिरवीत बसते."

मी हो म्हणालो. शपथ घेतल्यासारखं म्हणालो.

पुन्हा नांदेड

टेम्पोत इंजिनाशेजारी बसून येताना मी ठरवलं की सांगायचं नाही.

कुणी मला फसवलं नाही, कुणी दडपण आणलं नाही. मी माझ्या डोक्यानं विचार केला. आमच्या घरी मयताला जाऊन आलं की उंबऱ्यातच अंघोळीचं पाणी आणतात. प्रेतं वाहिलेलं इंजिन लग्नाच्या गाडीत, हे कोण घेईल? अख्ख्या लातूरनं नाही घेतलं. म्हातारा नाही म्हणाला तर गाडी भंगारात. एक गोष्ट गिळली तर सगळ्यांचं भलं होतंय, असं मी स्वतःला समजावलं. फार सोपं गेलं ते.

आठ दिवस लागले. कामाचं वर्णन करत नाही, वाचणाऱ्याला त्यात रस नाही. एवढंच सांगतो, की सलीमनं मोबाइलचं दुकान बंद ठेवून आठही दिवस पाने हातात धरले आणि उस्ताद खुर्चीत बसून नुसत्या आवाजावरून सांगत होते, "वो बोल्ट अजून अर्धा फेरा." आठव्या दिवशी सलीमनं पायानं स्टार्टर दाबला. दोनदा खाकरून इंजिन लागलं आणि शिवणयंत्रासारखं चालू झालं. उस्ताद उठले, चाचपडत आले आणि गाल बॉनेटला टेकवून उभे राहिले. मग मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. सलीम लहान पोरासारखा रडला.

"कुठली गाडी होती ही, मिस्त्री? काय काम केलं हिनं?"

माझी जीभ जराही अडखळली नाही. "लग्नाचीच होती, उस्ताद."

"हौ? म्हणजे आमच्याच जातीची," ते म्हणाले आणि हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीतला म्हातारा शिंपी वारला. साहेबांचा ट्रक त्यानंतरच्या सकाळी यायचा होता, मी रिकामाच होतो, म्हणून मयतीबरोबर गेलो. आमच्याकडं चार खांदेकरी ठरतात, बाकीचे मागनं मान खाली घालून चालतात. इथं मी भलतंच बघितलं. जनाजा उचलला आणि लोक धावायला लागले. दुकानं सोडून, चपला हातात घेऊन. एकानं खांदा दिला की चार पावलांत दुसरा पुढं येतो, त्याला बाजूला करतो, मग तिसरा. रिक्षावाला रिक्षा थांबवून उतरला, मेलेला कोण हे न विचारता खांदा देऊन परत रिक्षात बसला. आणि आंधळ्या मुनीर उस्तादांना दोघांनी धरून पुढं नेलं. दहा पावलं त्यांनी खांदा दिला. परतले तेव्हा धापा टाकत होते आणि तोंडावर समाधान होतं.

"मिला, मिस्त्री," ते म्हणाले. "या वयात कोण देऊ देतं? पण मिळाला. मय्यतीला खांदा म्हणजे सवाब, मोठं पुण्य. एक खंत आहे बघा. माझ्या गाडीनं साठ वर्षं नवरदेवच वाहिले, जहागीरदाराची शिकार वाहिली. असं एक काम तिच्या नशिबात आलं नाही."

रस्त्याच्या कडेला मी उभाच राहिलो. जे लपवून मी यांच्यावर उपकार केले म्हणत होतो, तेच यांना हवं होतं. सांगून टाकावं तर जीभ आता मात्र उचलेना. ती रात्र मी कशी काढली ते माझं मला माहीत.

सकाळी ट्रक गल्लीच्या तोंडाशी लागला. फळ्या लावल्या. सलीमनं गाडी चालू केली, गल्ली गोळा झाली, कुणी हार घातला. उस्ताद नवी शेरवानी घालून आले होते, गाडीचा आवाज ऐकत दारातून निरोप द्यायला. मी त्यांच्या कानाशी गेलो आणि सगळं सांगितलं. किल्लारी, तीन दिवस, उपसलेली सीट, घोड्यावर ठरलेली लग्नं, हँडल फिरवणारी बाई, तिची अट. आणि मी खोटं बोललो ते.

मग त्यांचा आवाज असा आला की मी एक पाऊल मागं सरलो.

"नऊ दिवस माझ्या घरचं अन्न खाल्लं तुम्ही. तुमको क्या लगा? हम मय्यत से डरते?" त्यांनी चेहरा माझ्याकडं वळवला. "मला नाही फसवलं तुम्ही. त्या बाईला फसवलं. तिनं नवऱ्याची इज्जत तुमच्या हातात दिली होती, मला पोचवायला. आणि तुम्ही ती वाटेत लपवली."

मी मान खाली घातली. दुसरं करण्यासारखं काय होतं?

"किती दिवस म्हणालात?"

"तीन."

"पावसात?"

"हो."

उस्ताद गाडीकडं वळले. "सलीम, इंजिन बंद कर."

"अब्बा, तुम्हीच म्हणाला होतात, चालू जाईल..."

"बंद कर, बोला ना मैं. आज हे चालणार नाही. याला आपण नेऊ."

इंजिन थांबलं. त्यांनी शेरवानीच्या बाह्या सारल्या, चाचपडत मागच्या मडगार्डपाशी गेले आणि त्याला खांदा लावला. लोकांना कारण माहीत नव्हतं. पण उस्तादांनी खांदा लावला म्हटल्यावर चहावाला आला, शिंप्याचा मुलगा आला, दोन सरदारजी आले, बघता बघता दहा-पंधरा माणसं. हातानं कुणी ढकललं नाही. अडतीसची शेवरलेट गल्लीच्या तोंडापर्यंत खांद्यांवर गेली, कुणीही आवाज न करता. मीही पुढं झालो, तर सलीमनं जागा करून दिली.

जाता जाता लातूर

कोल्हापूरची बस लातुरातून सुटते हे निमित्त. मला जायचंच होतं. बोळातून अंगणात आलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. पोरं पेपरला निघाली होती, एकेक जण बॉनेटला हात लावून जात होता. आत काही नव्हतं. इंजिनाच्या जागी मीच विटांवर ठेवलेला एक रिकामा डबा होता, पाऊस आत आला तर साचायला.

कस्तुरबाईंनी पाणी दिलं. "सांगितलं नव्हं त्यांना?"

"सांगितलं. पण आधी नऊ दिवस लपवलं, बाई. खोटं बोललो. घाबरलो होतो." मग सगळं सांगितलं, शेवटच्या खांद्यापर्यंत.

त्या रागावतील असं मला वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पदरानं डोळे पुसून त्या एवढंच म्हणाल्या, "तुमचं तरी काय चुकलं? आमच्या गावानं बी तेच केलं की." आणि जणू स्वतःशीच, "खांदा दिला म्हनता. अप्पाला ऐकायला पायजे होतं."

निघताना मी दारामागं बघितलं तर हँडल खुंटीलाच होतं. उस्तादांच्या गाडीला तिचं स्वतःचं होतं, म्हणून हे न्यायचं मला सुचलंच नव्हतं. बाईंनी ते काढलं आणि माझ्यापुढं धरलं.

"हे राहिलं बगा तुमचं."

"असू द्या तुमच्याकडं. आठवण."

"आटवन न्हाई लागत हो," त्या म्हणाल्या. "सोमवार आला. देवाला जाऊन आले, हँडल काढलं आन गाडीपाशी जाऊन हुबी ऱ्हायले. मग ध्यानात आलं. आता तुमीच सांगा, धा फेरे कशाला देऊ?"

मी ते घेतलं. हँडल बॅगेत मावत नव्हतं, म्हणून ते मांडीवर आडवं धरून मी कोल्हापूरपर्यंत आलो.